सतराव्या मिनिटाचा सुळका

१२ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय आत्या,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? आम्ही सगळे बरे.

"मुळी आधी जिभेला विचारावी, मग पुस्तकाला." मी नऊ वर्षांची असताना तू म्हणाली होतीस. मी कणभर चाखून थू थू केलं, तेव्हा हसलीस, "घाबरट! विष असतं तर जीभ बधिर झाली असती."

काल आमच्या प्रयोगशाळेत सांधेदुखीच्या चूर्णाची पुडी आली. घेणाऱ्या बाईंच्या ओठांना मुंग्या आल्या, मग हृदयाचे ठोके चुकायला लागले. चिमूटभर चूर्ण विरघळवून मी यंत्रात सोडलं. आतल्या बारीक नळीतून एकेक द्रव्य आपापल्या वेळेला बाहेर पडतं आणि पडद्यावर त्याचा सुळका उमटतो. सतराव्या मिनिटाला तो उठला. बचनाग, ती विषारी मुळी.

वीस वर्षं हेच करतेय, तरी हात जोडावेसे वाटले. ना दात, ना नखं. मातीत निमूट बसून एक मूळ असलं काही घडवतं, की माणसाचं हृदय अडखळावं! आणि जे ओळखायला यंत्राला सतरा मिनिटं लागली, ते तुझी जीभ चाळीस वर्षं क्षणात ओळखत आली.

पुडीचा कागद माझ्यासमोर आहे. तिकोनी घडी, टोक आत खोचलेलं. अशी घडी घालून औषध देणारी बाई मला एकच माहीत आहे, तू.

दोष माझाही आहे. गेल्या महिन्यात आले होते, तेव्हा तुझ्या चहात चुकून मीठ घातलं. तू शेवटच्या घोटापर्यंत प्यायलीस, वर म्हणालीस, "झकास झालाय हो!" पावसाळ्यातल्या आजारपणात तुझ्या जिभेची चव गेली, हे मला तेव्हाच कळलं. आधीच बधिर असलेली जीभ आणखी काय बधिर होणार? तुझा मान राखायचा म्हणून गप्प बसले.

त्या बाई वाचल्या, थोडक्यात. पण त्याच खेपेच्या पुड्या आणखी किती घरांत आहेत, ते फक्त तुला ठाऊक. "दुसऱ्याचं दुखणं आपल्या पोटात ठेवावं," म्हणत तू बाबांनासुद्धा कधी औषध नेणाऱ्या कुणाचं नाव सांगितलं नाहीस.

फोनवर तू ऐकून घेणार नाहीस, म्हणून चिठ्ठी आत्ता तिकडे निघालेल्या शेजारच्यांच्या हाती पाठवतेय. दुपारच्या गाडीने मी पोचतेच. तोवर कुणालाही पुडी देऊ नकोस.

नाहीच म्हणशील, माहीत आहे. तरी विचारते. माझ्याबरोबर दारोदार येशील? आणि प्रत्येक दारात, "मुळी ओळखायला मी चुकले," असं स्वतःच्या तोंडाने सांगशील?

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
तुझी भाची