पाच आठवडे की सात

११ जानेवारी, रविवार
होमस्टेवर आलेले पुण्याचे पाव्हणे साडेदहाला गेले. बाथरूममधला मग फोडला आणि सांगितलंही नाही. तिन्ही खोल्यांच्या चादरी काढल्या, मग दार लावून किट बघितलं. दोन रेघा. किट कुडाळहून आणलं होतं. मालवणात औषधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे ओळखतात, आणि आमच्या देवबागात तर किनाऱ्यावर शिंकलं तरी खाडीपलीकडे कळतं.
वि. गुरुवारीच मुंबईला गेला. एव्हाना जहाजावर चढला असेल. नवरा गेला आणि बातमी आली. तो घरी आला ११ डिसेंबरला, म्हणजे आज बरोबर महिना. चार-साडेचार आठवडे. वेळ आहे.

१२ जाने., सोमवार
नको.
कारणं लिहायला बसले. वय अडतीस. दोन्ही सिझेरियन, ओमच्या वेळी बीपी वाढून आठ दिवस आडवी. पूर्वा नववीत. खोल्या, स्वयंपाक, पाव्हणे, सगळं माझ्यावर आणि वि.च्या आईवर, त्यांचे गुडघे गेलेले. कारणं सगळी खरी. पण ती नसती तरी नकोच होतं. हे इथे लिहिते, बाहेर बोलणार नाही.
मोबाइलवर वाचलं. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत, त्याही डॉ.च्या चिठ्ठीने. त्यानंतर नळीने पिशवी रिकामी करतात. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉ.चं मत पुरतं. पुढे चोवीसपर्यंत दोघांचं, आणि तेही ठरावीक कारणांसाठीच. मला एवढं लांब जायचंच नाही.

१३ जाने., मंगळ.
कुडाळच्या बाजारात गेले होते, ओळखीचं नसलेलं औषधांचं दुकान धरलं. गोळ्यांचं विचारल्यावर दुकानदाराने मान वर न करता, "ता आमी ठेवीत नाय."
"चिठी आणलंय तर?"
"तरी नाय. चौकशेक उत्तरां कोण देत बसतलो?"
मागची बाई माझ्याकडे बघायला लागली. ओआरएसची दोन पाकिटं घेऊन बाहेर पडले. कोणाला जुलाब झाले होते कोण जाणे.

१४ जाने., बुध.
एका खाजगी दवाखान्यात फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मिस्टरांची सही लागेल. मिस्टर जहाजावर आहेत म्हटलं. "मग सासऱ्यांची?" सासरे भिंतीवर आहेत, हार घातलेला आहे. खर्च विचारला तर सगळं मिळून सात-आठ हजार, पण सही असेल तरच. फोन ठेवला.
संध्याकाळी रोझीला सांगितलं. शेजारीण, मालवणात शाळेत शिकवते, रविवारी चर्च चुकवत नाही. मुळ्याची भाजी निवडत होती. ऐकून आधी सगळी भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "माझ्या धर्मात ह्यां पाप आसा, तुका म्हायत आसा."
"म्हायत आसा."
"उद्या किती वाजता जावचां?"

१५ जाने., गुरु.
सरकारी हॉस्पिटल. रोझीने रजा टाकली. बाई डॉ., चष्मा कपाळावर, बोलताना लिहीत राहतात. त्या बोलल्या ते जसंच्या तसं टिपून ठेवते, नाहीतर विसरेन.
सही कोणाची, हे आधी विचारलं. "तुमची. अठरा वर्षं पूर्ण आहेत ना? मग नवऱ्याची नको, सासूची नको. लग्न झालेलं नसतं तरी हेच सांगितलं असतं." नाव बाहेर जात नाही. इथे पैसे नाहीत. कारणाच्या रकान्यात लिहिलं: गर्भनिरोधक साधन अयशस्वी. खरंच अयशस्वी झालं होतं, फाटलं होतं.
रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बरं. गट पॉझिटिव्ह, निगेटिव्ह असता तर एक वेगळं इंजेक्शन लागलं असतं. सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे. गर्भनलिकेत असता तर गोळ्या उपयोगाच्या नाहीत आणि जिवाला धोका, म्हणून आधी बघतात. मनाने दुकानातून आणून गिळणाऱ्या बायका हेच बघत नाहीत, असं डॉ. म्हणाल्या. मी परवाच्या ओआरएसबद्दल काही बोलले नाही.
मग त्यांनी सांगितलं, "सहा आठवडे पाच दिवस."
मी म्हटलं, चूक होतेय. नवरा येऊनच पाच आठवडे झाले.
डॉ. हसल्या नाहीत. "आम्ही नवऱ्यापासून मोजत नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच, तरी धरायचे."
पाळी आली २९ नोव्हेंबरला. तारीख पक्की, त्या दिवशी गावची जत्रा होती. म्हणजे नऊ आठवडे ३१ जानेवारीला भरतात. महिनाभर हातात आहे समजत होते, निघाले सोळा दिवस. डॉ. म्हणाल्या, घरी जाऊन विचार करा, बुधवारी या.

१६ जाने., शुक्र.
सकाळी वि.चा फोन. सांगून टाकलं. तो लगेच म्हणाला, "माका पण नको गो. दोन पुरे." केवढी सुटले. मग विचारलं, किती दिवस झाले. सात आठवडे म्हटलं. नुसतं "बरां." फोन ठेवला.
दुपारी मेसेज: "मी ११ ला इलंय. ५ होतत. ७ कशे?"

१७ जाने., शनि.
रिपोर्टचा फोटो पाठवला. डॉ.नी सांगितलेलं मोजमाप लिहून पाठवलं, दोनदा, दुसऱ्यांदा तारखा एकाखाली एक. उत्तर आलं, "डॉक्टर काय पण सांगतत." तासाभराने दुसरा: "नोव्हेंबरात पाव्हणे कोण कोण होते?"
आणि मी पाव्हण्यांची वही काढून बघितली! नाशिकचं म्हातारं जोडपं. कोल्हापूरची चार पोरं, दोन रात्री. स्वतःच्या घरात स्वतःचीच चौकशी करत बसले होते. लक्षात आल्यावर वही कपाटावर भिरकावली. राग आला. चादरी वाळत घातल्या.

१८ जाने., रवि.
वि.: "मी येयपर्यंत काय करू नको. मगे बघूया."
तो येणार ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये मला नववा लागलेला असेल. बघायचं काय?
कायद्याला त्याची सही नको, हे खरं. पण गोळ्या घेतल्या तर तो म्हणणार, पुरावा नाहीसा केला. जन्मभर म्हणणार, किंवा म्हणणार नाही आणि मनात ठेवणार. त्याला पटेपर्यंत थांबले तर ३१ तारीख निघून जाते. मग नळी, भूल, आणखी लांबलं तर आणखी. दोन सिझेरियनच्या पोटावर.
रोझीला म्हटलं काय करू. "तेचो संशय जावचो म्हणून तू बाळंत होतलंस?"
मी हसले. या आठवड्यातलं पहिलं हसू.
तरी ठरत नाही. सोळा वर्षांचा संसार आहे, बाथरूममधला मग फोडला म्हणून दुसरा आणला असं नाही.

१९ जाने., सोम.
वि.ने आईला फोन केला. मी ओसरीवर बांगडे साफ करत होते, त्या आत. आधी काही ऐकू आलं नाही. मग त्यांचा आवाज चढला.
"रे झिला, जत्रेच्या दिवशी ती भायर होती. देवळात पाय ठेवूक नाय. देवीची ओटी मी एकटीन भरलंय. तू इलस तेच्या मागसून. माझ्या घरातला तुका माझ्यापेक्षा जास्त म्हायत आसा?"
फोन आपटलाच. बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता खांबाला टेकून बसल्या.
"तुका व्हया की नको?"
"नको."
"मगे कधी जातंस?"
"परवा."
बांगडे ताजे आहेत का विचारलं. एवढंच बोलणं झालं.
आईंचं हे पाळीत बाहेर बसवणं मला कधी पटलं नाही. सोळा वर्षं यावरून कुरबुर. जत्रेला मला मागल्या दारी बसवलं तेव्हा मी तोंड फुगवून बसले होते, पूर्वालाही हेच करणार का म्हणून भांडलेही होते. त्याच बसण्याने आज सोडवलं. बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२० जाने., मंगळ.
वि.चा फोन. "चुकलंय गो. आयेन सांगल्यान. जा तू, करून घे."
रिपोर्टवर विश्वास नाही, डॉ.वर नाही, माझ्यावर नाही. मी देवळात गेले नव्हते यावर विश्वास. पाळी दोन दिवस उशिरा आली असती तर मी जत्रेत मिरवले असते, आईंनाही काही सांगता आलं नसतं. मग? मग मी खोटी ठरले असते?
फोनवर फक्त "बरां" म्हटलं. परवानगी मी मागितलीच नव्हती.

२१ जाने., बुध.
सात आठवडे चार दिवस. संमतीचा फॉर्म नीट वाचून सही केली. एक गोळी, डॉ.च्या समोर, पाण्याबरोबर. आता अर्धवट सोडायचं नाही, गर्भाला इजा होऊ शकते. क्वचित गोळ्यांनी पूर्ण होत नाही, तेव्हा नळीने साफ करावं लागतं. तासाला दोन मोठे पॅड भिजले, असं लागोपाठ दोन तास झालं, तर थेट इथे यायचं. ताप राहिला, वास आला, चक्कर आली, तरी यायचं. डॉ.नी स्वतःचा नंबर कागदावर लिहून दिला.
घरी आले, मिरजेच्या पाव्हण्यांना सोलकढी केली. काही वाटत नाही. किंचित मळमळ.

२३ जाने., शुक्र.
आधीची सिझेरियन म्हणून उरलेल्या गोळ्याही हॉस्पिटलातच. रोझीच्या शाळेत परीक्षा होती. आई म्हणाल्या, मी येतंय. गुडघे धरत रिक्षात चढल्या.
नऊला चार गोळ्या गालात, अर्धा तास. कडवट, खडूसारख्या. साडेदहाला थंडी वाजली. अकराला कळा. बाळंतपणाच्या नव्हेत, पण त्याच जातकुळीतल्या. दुखण्याची गोळी दिली. बाराला सुरू झालं. गुठळ्या. सिस्टर दोनदा बघून गेल्या, ठीक म्हणाल्या. दोननंतर कळा उतरल्या.
आई पूर्ण वेळ स्टुलावर. मध्येच, खिडकीकडे बघत, "माका चार झाले. व्हये की नको, कोणी इचारूक नाय." मग ग्लास पुढे करत "पाणी पी," म्हणाल्या.
चारला घरी. पेज आणि लोणचं. दुःख होतं का म्हणून शोधलं. थकवा होता, आणि सुटल्यासारखं. दुःख होत नाही याची थोडी लाज वाटली, पेज संपेपर्यंत तीही गेली.

२६ जाने., सोम.
जास्त जातंय वाटलं, घाबरले. डॉ.ना फोन. किती तासांनी पॅड बदलता? तीन. "मग ठीक आहे. आराम करा, पाव्हण्यांना आज हॉटेलात जेवू दे." आईंनी पाव्हण्यांना खरंच हॉटेलात पाठवलं. असं पहिल्यांदाच झालं.

७ फेब्रुवारी, शनि.
तपासणी. सोनोग्राफीत पिशवी रिकामी, काही राहिलेलं नाही. पुढचं काय, डॉ.नी विचारलं. तांबी बसवता येईल, किंवा नवऱ्याची नसबंदी, ती बायकांच्या ऑपरेशनपेक्षा सोपी. नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं, आणि म्हटल्यावर स्वतःचाच राग आला.
दुपारी वि.चा फोन. खुशीत होता. कशी आसा तब्येत, पोरां खंय. डॉ.चं नसबंदीचं सांगितलं, तो "बघूया" म्हणाला. मग आपणहून, "अजून राग आसा?" आणि लगेच, "जहाजार माणसाच्या डोक्यात कायय येता गो. तू माझ्या जागेर असतंस तर?"
"तुझ्या जागेर मी कायमचीच आसंय," म्हटलं. "तू सात-आठ महिने बंदरां फिरतंस. मी कधी एक तारीख इचारलंय?"
तिकडून आवाज नाही. नेटवर्क गेलं की तो गप्प बसला, कळलं नाही. कानाला लावून उभी होते. हॅलोही म्हटलं नाही. आतून आईंनी पाव्हण्यांची पानं घ्यायला हाक मारली, तेव्हा ठेवला.
आता सहा वाजले. त्याचा फोन नाही. मीही केला नाही.