शिल्बीची जोडफुलं

प्रिय बेगाइम,

आम्ही कुरणावर पोचलो. घोड्या भरपूर दूध देताहेत. तंबूचे दोर आवळताना तुझे बाबा नेहमीसारखे सगळ्यांवर ओरडले. पण वर येताना आम्ही जुन्या खिंडीत थांबलो होतो, ते तुला सांगायचंय. तुझ्या आधी मला एक मुलगी झाली होती. कळप वर नेताना त्याच खिंडीत झाली आणि संध्याकाळपर्यंतच राहिली. ओढ्याकाठी, फुललेल्या शिल्बीच्या झुडपाशी बाबांनी तिला पुरलं, वर दगड रचले. कळप थोडाच थांबतो! निघालो पुढे. पुन्हा त्या वाटेला आम्ही गेलो नाही, घरात तिचा विषयही कुणी काढला नाही.

यंदा बाबाच म्हणाले, "जाऊन येऊ." ओढ्यानं पात्र बदललंय, दगड वाहून गेलेत. पांढऱ्या फुलांचं एक झुडूप दिसताच त्यांनी दुआसाठी हात पसरले. मी म्हटलं, "अहो, ही ताबिल्गी! जन्मभर हिच्याच तर चाबकाच्या मुठी करताय." तर म्हणाले, "फुलं पांढरी आहेत ना? तू कधीपासून झाडांची डॉक्टर झालीस?" मी फांदी त्यांच्या नाकासमोर धरली. ताबिल्गीची पानं एकाआड एक, फुलं बारीक, घोसानं येणारी. शिल्बीची पानं समोरासमोर, मऊ लव असलेली आणि पानांच्या बगलेत एकाच देठावर दोन दोन फुलं. त्या दिवशी माझी नजर तिथेच खिळली होती गं, दुसरीकडे बघवत नव्हतं.

दोघांनी मिळून शोधलं. उतारावर थोडं वर, एकटंच, फुललेलं शिल्बीचं झुडूप सापडलं. बाबांनी पान अंगठ्यानं चाचपलं आणि तिथेच बसले. म्हणाले, "सालकिन."

"कोण सालकिन?"

"तिचं नाव. पुरण्याआधी कानात सांगितलं होतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रडली असतीस."

"रडतच होते की हो मी!"

मग आम्ही दोघंही रडलो, ऊन उतरेपर्यंत.

बेगाइम, तू दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आलीस, तेव्हापासून कुणाचाच फोन घेत नाहीस. सगळ्याजणी म्हणत असतील, अजून वय आहे, होईल दुसरं. मलाही म्हणाल्या होत्या. मी तसलं काही म्हणणार नाही. तू बाळाला पाहिलंस का? केस होते का त्याला? नाव काय ठेवणार होतीस? मला सांग. मी आजी आहे त्याची.

तुझीच,
आई