दादाच्या सहीचं पाणी

दादा,

घरातला फिल्टर शोधू नकोस. तो मी मावशीकडे बसवून आले.

कारखान्याच्या सांडपाण्यातलं आर्सेनिक धरणारी वाळू दर तीन महिन्यांनी बदलायची, हे तुझं काम. तू जुनीच उन्हात वाळवून परत भरलीस आणि 'नवी घातली' म्हणून सही ठोकलीस. ते पाणी मावशीच्या विहिरीत उतरलं. जिने आपल्याला वाढवलं, तिचे चट्टे नि गाठी आलेले तळहात आज बघवत नाहीत.

टेबलावरच्या जगमध्ये तिच्याच विहिरीचं पाणी आहे. उकळत बसू नकोस, उकळून आर्सेनिक जात नाही. जगखाली तू गावाला लिहून दिलेला तुझ्या सहीचा कागद आहे: 'पाणी पिण्याजोगं.'

तुझी वाळू घेऊन मी तपासणीच्या साहेबांकडे चाललेय. पाच वाजता त्यांना घेऊनच येते. त्यांच्यासमोर प्यायचंय तुला.

ग्लास घासून ठेवलाय.