ब्रिस्टलमधला दुसरा गोल

बाबा, बुधवारी बसमधून परतताना तुम्हाला लिहिलं त्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की आमच्या युनिव्हर्सिटीची मुलींची फुटबॉल टीम ब्रिस्टलला जाऊन दोन-एकने जिंकली, दुसऱ्या गोलवरून जरा कुरबुर झाली, पण रेफ्रीने मला काही विचारलं नाही. विचारलं होतं. तो अर्धं मैदान ओलांडून माझ्यापाशी आला, आणि मी उत्तर दिलं.

बाकीचं जे लिहिलं ते खरं आहे. आम्ही चांगलं खेळलो नाही. पहिला अर्धा तास आमच्या मुली चेंडू कुणालाही देत होत्या, फक्त एकमेकींना नाही. मधल्या दोघी एकाच चेंडूमागे धावायच्या आणि त्यांच्यामागे मोकळं रान. त्यांनी गोल केला तो कॉर्नरवर, आमच्या सगळ्यात उंच मुलीच्या डोक्यावरून, ती उडी मारायची विसरली म्हणून. आमचा पहिला गोल खरं तर चिखलाचा. चेंडू त्यांच्या गोलकीपरच्या हातातून साबणासारखा सुटला. आमची गोलकीपर मॅचआधी नेमाने उलटी करते. तिने पेनल्टी अडवली नसती तर आम्ही तेव्हाच संपलो असतो. हे सगळं मी टीमच्या पेजवर लिहिलं, कारण तीन वर्षं तिथला रिपोर्ट मीच लिहिते, आणि शेवटी लिहिलं, ‘देखणा नाही, पण स्वच्छ विजय.’ तो ‘स्वच्छ’ शब्द चार दिवस मला टोचतो आहे. पेज उघडते, बंद करते, चहा ठेवते, तो उतू जातो.

मी स्वतः खेळत नाही. गुडघा शाळेत असतानाच गेला, ते तुमच्यानंतरचं. मी बाहेरगावच्या सामन्यांना पावसात उभं राहणाऱ्या चार-पाच जणींपैकी एक. आमच्या पातळीवर खरा रेफ्री एकच मिळतो, रेषेवर उभं राहायला प्रत्येक टीमने आपल्यातलं एक माणूस द्यायचं असतं. आमची नेहमीची मुलगी तापाने झोपलेली, म्हणून कॅप्टनने फ्लॅग माझ्या हातात दिला. रेफ्री वयस्कर होता. म्हणाला, ‘ऑफसाइडचं मी बघेन. तू एवढंच सांगायचं, चेंडू आत की बाहेर.’ मला हसूच आलं. एवढंच तर तुम्ही मला शिकवलं होतं.

तुम्ही इथे डॉक्टर, हॉस्पिटलं दर सहा-आठ महिन्यांनी बदलायची, म्हणून सात वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे क्वार्टर्समधलं स्वयंपाकघर. आई पोळ्या करते आहे, तुम्ही नाइट ड्यूटी करून आलेले, डोळे लाल, आणि माझ्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारता. डावीकडे ‘पाहिलं’, उजवीकडे ‘वाटलं’. खिडकीतून जे दिसेल ते योग्य बाजूला लिहायचं. मी डावीकडे लिहिते, ‘शेजारच्या आजींना राग आला.’ तुम्ही विचारता, ‘राग पाहिलास?’ मी म्हणते, दार आपटलं. ‘मग दार आपटलं, असं लिही. राग पलीकडे.’ आई म्हणायची, ‘अहो, सहा वर्षांची आहे ती, कोर्टात उभी राहणार आहे का?’ तुम्ही म्हणायचात, ‘सांगता येतं का?’

ब्रिस्टलच्या सामन्यात शेवटची दहाएक मिनिटं उरली होती. आमची विंगर माझ्या समोरून चेंडू घेऊन धावते आहे. कोपऱ्याजवळ चेंडू तिच्या पायापुढून निसटतो आणि रेषेबाहेर जातो. पूर्ण. पांढरी रेषा आणि चेंडू यांच्यामध्ये हिरवं गवत, माझ्या बुटापासून दोन हातांवर. ती तो टाचेने आत ओढते, क्रॉस मारते, गोल. फ्लॅग माझ्या हातात आहे, खाली. त्यांची डिफेंडर ओरडते, ‘बाहेर होता! तिला विचारा, ती तिथेच उभी आहे!’ रेफ्री धापा टाकत येतो. ‘लाइन्समन, आत की बाहेर?’ मी म्हणाले, ‘आत.’ त्याने मान डोलावली आणि मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवलं, म्हणजे गोल दिला. ती डिफेंडर माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता, हे मी उजवीकडे लिहीन. ती बघत राहिली, हे डावीकडे.

त्या गोलमुळे एक मॅच बाकी असतानाच आम्ही या गटात टिकलो आणि त्यांची टीम खालच्या गटात गेली. बसमध्ये मुली सीटवर उभं राहून गात होत्या. कॅप्टन माझ्या शेजारी येऊन बसली, टीमचं एक जास्तीचं जॅकेट माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, ‘हे तुझं. आज तू टीममध्ये होतीस. पुढच्या वर्षी लाइन कायमची तुझीच.’ मग हळूच हसून, ‘तो चेंडू जरा काठावरच होता, नाही?’ मी पण हसले. बाबा, तीन वर्षांत इतकं छान मला कधी वाटलं नव्हतं. त्याच भरात वही काढून तुम्हाला ते पत्र लिहिलं. खोटं तुम्हालाही लिहिलं, आणि ते तर कुणी वाचणारही नव्हतं.

माझ्या घरात एक नागपूरची मुलगी राहते, डेटा सायन्सचं मास्टर्स करते. तिला काल सगळं सांगितलं. ती मॅगी खात होती. ‘काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिली? रेफ्रीने गोल दिला, विषय संपला. निकाल थोडीच बदलते आता.’

‘मी खोटं बोलले.’

‘अगं, समोरच्या टीमचा लाइन्समन काय हरिश्चंद्राच्या घरचा होता? तू सांगशील, कॅप्टन चिडेल, रिझल्ट तोच राहील. मग फायदा कुणाला, सांग ना.’

मी नियम वाचले. तिचं बरोबर आहे, रेफ्रीचा निर्णय बहुतेक बदलत नाही. म्हणजे मला भीती गुणांची नाही. भीती त्या जॅकेटची आहे. ते आज सकाळपर्यंत खुर्चीच्या पाठीवर टांगलेलं होतं, चार दिवसांत एकदाच घातलं, तेही खोलीचं दार लावून.

तुम्हाला अंडर-इलेव्हनची मॅच आठवत असेल. इथलंच, लेस्टरमधलं पार्क. पालकांपैकी कुणीतरी रेषेवर हवं होतं आणि फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारे तुम्ही हौसेने उभे राहिलात, हातात ओटा पुसायचं पिवळं फडकं. मी रेषेजवळून धावत गेले आणि गोल मारला, माझा आयुष्यातला पहिला. मागे वळून बघते तर फडकं वर. दुसऱ्या मुलीचे वडील ओरडले, ‘डॉक, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?’ तुम्ही म्हणालात, ‘या रेषेच्या.’ सगळे हसले, मी सोडून. गाडीत तुम्ही चिप्स घेऊन दिल्यात, मी खाल्ल्या नाहीत. तुम्ही विचारलंत, ‘तुला काय दिसलं?’ मी म्हटलं, आत होता. तुम्ही आरशातून माझ्याकडे पाहिलंत आणि परत काही विचारलं नाहीत. त्यानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, आणि त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. मी मात्र वर्षानुवर्षं सगळ्यांना तो किस्सा असा सांगत आले की माझ्या बाबांनी चुकीचं फडकं वर केलं, बिचाऱ्यांना नियम माहीत नव्हते.

चेंडू बाहेर होता, बाबा. मला तेव्हाच दिसलं होतं.

आज रविवार. कॅप्टन उद्या लायब्ररीत असेल, कुठल्या मजल्यावर तेही मला माहीत आहे, म्हणजे उद्याही सांगता येईल. पण तिथे हळू आवाजात बोलावं लागतं आणि हळू आवाजात मी शब्द गिळते. शेवटची मॅच या बुधवारी आहे. ती झाल्यावर सांगणं सोपं जाईल, म्हणून तेव्हा नको. आधी तिला सांगायचं, मग तिच्यासमोरच पेजवरचा ‘स्वच्छ’ काढून जे झालं ते लिहायचं, आणि रेफ्रीला व ब्रिस्टलच्या टीमला मेल करायचा. जॅकेट धुऊन घडी घालून पिशवीत ठेवलंय; ती परत घेईल की नाही, ते उजवीकडचं. मंगळवारी, सहाच्या प्रॅक्टिसआधी.