तीनदा घासलेली कवळी

माय, आज १२ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. आत्ता मी कवळ्या घासायच्या मायक्रोमोटरची टोकं ब्रशने साफ करून डबीत ओळीने लावत होतो, लहान आधी, मोठं शेवटी. वाशीमच्या त्याच दातांच्या लॅबमध्ये मी अजून आहे, त्याच खिडकीजवळच्या टेबलावर. मालक आज लवकर गेले. अर्ध्या तासापूर्वी एक माणूस त्याच्या आईला घेऊन आला होता. तिची कवळी मी घासून दिली. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांबद्दल तुला लिहायचं आहे, पण आधी तुझ्या कवळीबद्दल लिहावं लागेल, आणि ते मी सहा वर्षांत कोणालाच सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही.

तुला शुगर निघाली तेव्हा मी नववीत होतो. दहावीला गणितात राहिलो आणि पुन्हा बसलो नाही, पण तुझ्या गोळ्यांची नावं मी एका वहीत उतरवून दिली होती, कोणती जेवणाआधी, कोणती नंतर. तू ती वही शाळेत नेऊन मॅडमना दाखवलीस. अनसिंगच्या त्या शाळेत तू खिचडी शिजवायचीस. पातेल्याचं तापलेलं झाकण तू उघड्या हाताने उचलायचीस, फडकं न घेता, आणि पोरं तोंडाकडे पाहत राहायची. “मले नाही भाजत,” तू म्हणायचीस, आणि त्याचा तुला थोडा तोराही होता. संध्याकाळी बोटांवर फोड दिसत. आपण त्यावर हळद लावत होतो.

मग हिरड्या. आधी लाल झाल्या, मग जांभळट. तू चुलीजवळ बसून जेवतेस, भाकरीच्या तुकड्यावर रक्ताचा डाग उमटतो, आणि तू तो तुकडा उलटा करून खातेस, मला दिसू नये म्हणून. मला दिसतो. वर्षा-दोन वर्षांत वरचे सगळे दात गेले. हलायला लागलेला दात तू जिभेने ढकलत राहायचीस आणि एखाद्या दिवशी खिचडी ढवळता ढवळता हातात काढायचीस. पोरं तुला बोळकी बाई म्हणू लागली. “बोळकी असन,” तू त्यांना म्हणायचीस, “पण खिचडी कोण देते तुमाले? जास्त बोलसान त बुडची करपलेली देईन.” घरी आल्यावर मात्र पदर तोंडावर धरूनच बोलायचीस. तेही मला दिसत होतं.

मी लॅबमध्ये कामाला लागल्यावर तुला इथे दातांच्या डॉक्टरांकडे आणलं होतं, आठवतं का? त्यांनी आरसा घालून हिरड्या पाहिल्या, शुगरचा कागद पाहिला आणि म्हणाले, “ही सूज आधी उतरू द्या. शुगर खाली आणा. आणि यांची हृदयाची पट्टी, ईसीजी, काढून घ्या एकदा, हिरड्या इतक्या सुजल्यात तर आतही पाहिलेलं बरं. तीन महिन्यांनी कवळीचं माप घेऊ.” बाहेर आल्यावर तू बसस्टँडपर्यंत माझ्या पुढे चालत राहिलीस. बसमध्ये बसल्यावर म्हणालीस, “तीन महिन्यांत पोरं मले आजी म्हणतीन. तू कायले आहे मंग लॅबात?”

मला तेव्हा बरं वाटलं होतं. पहिल्यांदाच माझ्या कामाचं तुला काही हवं होतं. पुढच्या रविवारी मी लॅबमधून मापाचा मसाला आणि ट्रे आणला. स्वयंपाकघरात पाटावर बसवून तुझं माप घेतलं. तुला ओकारी आली, मग हसू आलं, माप बिघडलं, दुसऱ्यांदा घेतलं. अकरा दिवस मी मालकांचं काम संपल्यावर ती कवळी केली. दातांचा रंग निवडताना तू म्हणालीस, “इतके पांढरे नको लावू बापू. पोरं म्हणतीन, बाई नटून आली.” म्हणून मी थोडा पिवळसर रंग घेतला. कवळी बसवली त्या दिवशी तू एक मूठ फुटाणे खाल्लेस, एकेक करून, माझ्याकडे पाहत. पट्टीचं मी विसरलो नव्हतो. वहीत लिहून ठेवलं होतं, “हृदयाची पट्टी, सवडीने.” डॉक्टरांकडे परत गेलो असतो तर माप कोणी घेतलं हे सांगावं लागलं असतं, म्हणून सवड झाली नाही.

तीन आठवड्यांनी तू म्हणालीस, “बापू, जबडा दुखते. इथं.” डाव्या कानाच्या खाली बोट ठेवलंस. कवळी कुठे जास्त दाबते ते पाहायला आमच्याकडे निळा कागद असतो. तो दातांमध्ये धरून चावायचं, जिथे जास्त दाब तिथे गडद निळी खूण उमटते. तू चावलीस. दोन्ही बाजूंना सारखे फिकट ठिपके आले. तू दाखवलेल्या बाजूला वेगळी खूण नव्हती. तरी मी डाव्या बाजूला थोडं घासलं. काहीतरी करायला हवं होतं, आणि मला घासता येत होतं.

दुसऱ्यांदा तू म्हणालीस, “शाळेचा चढ चढतांनी दुखते. जाऊन बसलो का थांबते.” मी वहीत लिहिलं, “डावी बाजू. चालताना. बसल्यावर थांबतं.” अक्षर चांगलं आलं आहे. वही माझ्याकडे आहे. तुला मी सांगितलं की चालताना तू नकळत दात आवळतेस, त्याने दुखतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी तिथल्या तिथे रचलं आणि लगेच मलाच ते पटलं. पुन्हा घासलं.

तिसऱ्यांदा तू रागावलीस. “आज कवळी कमरेले खोचून गेलो होतो. तोंडात नव्हतीच. तरी दुखलं. तुले नाही समजत त मोठ्या डॉक्टरले दाखव ना. घासू घासू कागद करशीन तिचा!” मला ते लागलं. अकरा दिवसांचं काम होतं माझं. मी म्हणालो, “मला समजतं. हिरडी अजून बसली नाही. आठ दिवस घालू नको, मी लॅबमध्ये नेऊन नीट पातळ करून आणतो.” तू उठलीस. कवळी पाण्याच्या वाटीतून काढलीस, पदराने पुसलीस आणि माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलीस.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी अकराला कवळी माझ्या हातात होती आणि मोटर चालू होती, म्हणून फोनचा आवाज मला उशिरा आला. तुझ्यासोबत शिजवणाऱ्या मावशींचा फोन होता. नंतर त्यांनीच मला सगळं सांगितलं. तू तांदळाचं पोतं ओढून चुलीशी आणलंस आणि खाली बसलीस. घाम फुटला होता. “काहून बसली वं?” त्यांनी विचारलं. “जबडा दुखून राह्यला.” “छातीत त नाही ना दुखत?” “छातीत काहीच नाही. जबडाच.” त्यांनी तुला लवंग दिली, दाढेत धरायला. तुझ्या तोंडात वर एकही दाढ नव्हती, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. गाडी येईपर्यंत सगळं झालं होतं. बाबा सगळ्यांना सांगतात की काही दुखलं-खुपलं नाही, बसल्या बसल्या गेली. मी शेजारीच उभा असतो.

तेरवी झाल्यावर मी वही घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की अंगात एक बारीक सूज मुरून राहते. हिरड्यांत ती दिसते, रक्त येतं, म्हणून माणूस दाखवायला येतो. तीच सूज हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या कातडीलाही असते, तिथे चरबीचा थर बसतो, वाट अरुंद होते, आणि ते कोणाला दिसत नाही. हिरड्या आणि शुगर एकमेकींना वाढवत राहतात. “आणि छातीत का नाही दुखलं?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, शुगरने नसा बधिर होतात, काहींना छातीत कळच येत नाही. नुसता घाम येतो, दम लागतो, किंवा हात दुखतो, जबडा दुखतो. चालल्यावर दुखलं आणि बसल्यावर थांबलं, म्हणजे बहुतेक हृदयच. मग वही परत देताना त्यांनी विचारलं, “हे कोणी लिहिलं? इतकं नीट सहसा कोणी लिहून आणत नाही.” मी म्हणालो, मी. त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. मी बाहेर येऊन चहा घेतला आणि लॅबमध्ये गेलो. त्या दिवशी चार कवळ्या झाल्या माझ्या. एकीतही दोष नव्हता.

आता त्या माणसाचं. गेल्या गुरुवारी तो इंझोरीहून मोटरसायकलवर आला, स्टीलच्या डब्यात आईची कवळी घेऊन. “आईले दुखते म्हणते. घासून द्या थोडीशी.” मी विचारलं, कधी दुखतं? “कधी म्हणजे? दुखते त दुखते.” शुगर आहे का? “आहे. घरोघरी आहे.” मी त्याला फोन लावायला सांगितला. पलीकडून बाई म्हणाली, “हापशीवरून पाणी आणतांनी दुखते. जेवतांनी बी दुखते.” मी मोटर बंद केली. त्याला म्हणालो, ही मी आज घासणार नाही. आधी आईला मोठ्या दवाखान्यात न्या आणि हृदयाची पट्टी काढा. तो माझ्याकडे पाहतच राहिला. “तुमी दातवाले हा का दिलवाले?” बाकावर बसलेले दोघे हसले. मालक आतून आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर मला ऐकवलं, “आपण दात करतो. आजार सांगत नाही.” मी तरी कवळी घेतली नाही. डब्याला झाकण लावून तो त्याच्याकडे सरकवला. तो शिव्या देत डबा घेऊन गेला, पण घाबरून गेला. ते मला कळलं.

आज तो आईला घेऊनच आला. आधी वाशीमला, मग अकोल्याला नेलं होतं. पट्टी, रक्त, हृदयाची सोनोग्राफी, फिरत्या पट्ट्यावर चालवून बघणं, सगळं झालं. त्याने फाइल माझ्या टेबलावर टाकली. “काही नाही निघालं. दिल एकदम साफ. दोन दिवस गेले माहे तुमच्या पायी.” बाई खुर्चीवर बसली आणि तिने तोंड उघडलं. डाव्या हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी लाल जखम होती. कोणालाही दिसली असती. जेवताना दुखतं हे तिने फोनवर सांगितलं होतं, आणि मी फक्त पाणी आणताना एवढंच ऐकलं होतं. मी तेवढी कड घासली, पॉलिश केली, दिली. ती दोनदा चावून म्हणाली, “इतकुसं त होतं.” मुलगा अजून धुसफुसत होता. ती त्याला म्हणाली, “जाऊ दे रे. शुगरवालीनं पाहून घेतलं एकदा, त काय बिघडलं?” जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी खाली वाकून टोकं साफ करायला घेतली.

हे कागद मी घरी नेणार नाही. बाबांना चष्म्याशिवायही माझं अक्षर ओळखू येतं. इथेच, जुन्या साच्यांच्या खोक्यात ठेवीन.

एकच राहिलं. ते सहा दिवस मी त्या माणसाची वाट पाहत होतो. तो येईल आणि म्हणेल, वेळेवर नेली म्हणून वाचली. तिच्या हृदयात काहीतरी निघावं, असं मी याच टेबलावर बसून रोज मनात म्हणत होतो. आज त्याने फाइल टाकली आणि काही नाही निघालं म्हणाला, तेव्हा, माय, मला वाईट वाटलं.