खालून वर

प्रिय धाकट्या,

तू बाबांसाठी पाठवलेलं कानाचं मशीन या पत्रासोबत परत करते आहे. खोक्यात नीट ठेवलंय, बॅटरीसकट. बाबांचे कान ठणठणीत आहेत. मागच्या आठवड्यात ते पुढच्या खोलीत पेपर वाचत होते आणि स्वयंपाकघरातला नळ गळतोय हे त्यांनी मला तिथून सांगितलं. मी नळाच्या शेजारी उभी होते, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. फोनवरून निदान करणारा डॉक्टर तू, आणि कुरिअरने औषध धाडणाराही तूच. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी चिडले आहे. फोन मुद्दामच केला नाही, कारण फोनवर तू ‘बरं ताई, बघतो’ म्हणतोस आणि माझा राग तिथेच विरघळतो. कागदावर तो जागचा हलणार नाही.

बाबांचा तो दोन्हीकडून बोलायचा हॅम रेडिओ तुला आठवत असेल अशी आशा आहे. रोज सकाळी साडेसहाला ते बटण दाबतात आणि पलीकडच्या गावातून घड्याळवाले काका बोलतात. चाळीस वर्षं झाली, पण दोघं एकदाही समोरासमोर भेटलेले नाहीत. काकांच्या दुकानात कुठलं घड्याळ रुसलंय आणि आपल्या गच्चीवर वारा कुठून येतोय, एवढ्यावर दोघांची सकाळ भागते. पण आई गेल्यावर बाबा मनातलं जे काही बोलले, ते त्यांच्याशीच बोलले. तुझ्याशी नाही, माझ्याशीही नाही.

पाऊस सुरू झाल्यापासून काकांचा आवाज बारीक होत गेला. नुसती खरखर. तू निकाल देऊन टाकलास की बाबांना ऐकू येत नाही. आणि बाबांनी ते मुकाट्याने मान्य केलं! चिमूटभर मिठावरून अर्धा तास वाद घालणारा माणूस, तुझं मशीन महिनाभर कानात घालून बसला. तिथेच मला कळायला हवं होतं. मला ते नळाच्या दिवशी कळलं.

रविवारी कटर घेऊन मी गच्चीवर गेले. अँटेनाकडून येणारी केबल घरात उतरणाऱ्या केबलला जिथे मिळते तो जोड खांबाच्या पायथ्याशी आहे, जमिनीपासून वीतभर वर. टेप कापली तर आतून पाणी ठिबकलं. प्लग हिरवा पडलेला, केबलमधली तांब्याची जाळी काळीठिक्कर. आणि टेप वरून खाली गुंडाळलेली! धाकट्या, आपण दोघं बाराखडीच्या आधी हे शिकलो. केरसुणीच्या दांड्यावर बाबांनी किती वेळा गिरवून घेतलं. रबरी टेप ताणायची, म्हणजे ती स्वतःलाच चिकटून एकजीव होते. सुरुवात तळाशी करायची आणि प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत वर जायचं, कौलांसारखं, म्हणजे पाणी ओघळून जातं. उलटं केलंस की प्रत्येक घडी वर तोंड करून पाणी पिते. एकदा तू उलटं केलं होतंस, तर त्यांनी तो दांडा नळाखाली धरून तुला दाखवलं होतं.

म्हणून मला वाटलं, हे तुझंच काम. या पत्राचा पहिला मसुदा मी जिना उतरता उतरता मनात केला, त्यातले शब्द लिहिण्यासारखे नाहीत. टेपचा तो लगदा मी बाबांसमोर टाकला आणि म्हटलं, बघा तुमच्या लाडक्याचा प्रताप. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, माझं काम आहे ते.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या वर्षी तू दोन दिवसांसाठी आलास, जुना जोड सोडवलास, नवा प्लग बसवलास आणि तुझा फोन वाजला. जोडावर प्लास्टिकची पिशवी बांधलीस, पुढच्या महिन्यात येऊन पक्कं करतो म्हणालास आणि गेलास. बाबांनी टेपचं रीळ रेडिओवर काढून ठेवलं होतं. महिने गेले. ढग भरून आले तेव्हा ते एकटेच वर गेले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना खाली बसता येत नाही, हे तुला माहीत आहे. कमरेत वाकून जिथे हात पोचला तिथून, म्हणजे वरूनच, त्यांनी सुरुवात केली. उलटं होतंय हे त्यांना गुंडाळतानाच कळत होतं. दोन गल्ल्यांपलीकडे राहते मी, मला का नाही बोलावलंत, असं ओरडले मी त्यांच्यावर. तर म्हणाले, तो करतो म्हणाला होता ना. तो येईपर्यंत टिकेल असं वाटलं.

खरखर वाढली तेव्हा ती कशाची आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण तसं सांगायचं तर तू आला नाहीस हेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यांनी बहिरेपण पत्करलं. लाज वाटते का रे तुला? मला वाटते, एवढे दिवस मला काही दिसलं नाही म्हणून.

स्वच्छ तांबं दिसेपर्यंत मी दोन हात केबल कापली, नवा प्लग झाळून बसवला आणि जमिनीवर मांडी घालून खालून वर टेप गुंडाळली. दोनदा रबरी, वर एकदा काळी.

सोमवारी साडेसहाला काकांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. काका चार महिने रोज रेडिओवर येत होते, हाक मारून पाच मिनिटं थांबत होते. बाबांनी त्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की मुलगा येणार आहे, तो दुरुस्त करील. म्हणून काकांनी पहिलं तेच विचारलं, आला का मुलगा? मी शेजारीच उभी होते, बोटांना अजून टेपचा चिकटा होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, बटण दाबलं आणि म्हणाले, हो, आला. माझी मेहनत तुझ्या नावावर गेली, ते मी गिळीन. पण त्या माणसाशी बाबा चाळीस वर्षांत कधी खोटं बोलले नव्हते. तेव्हा सबबी पुरे. ये, आणि त्यांचा शब्द खरा कर. काल काका म्हणाले, मुलाला द्या की जरा, दोन शब्द बोलतो. बाबा म्हणाले, झोपलाय अजून.

तुझीच, पण राग न उतरलेली,
ताई