मैत्रीच्या घरातली मागची खोली

दुक्म, ओमान, शुक्रवार

प्रिय कांता,
सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. बीपी गोळीने ताब्यात आहे. माझ्या खोलीतला शिवराम बरक्याच्या साइटवर बदलून गेला, त्यामुळे सध्या दोन खाटांचा मी एकटाच मालक.

मैत्री लीड्सला फ्लॅट घेतेय, त्यासाठी आपण दिलेल्या पैशांबद्दल तिच्या वकीलबाईंनी माझं पत्र मागितलं होतं. मुलीला बक्षीस दिले, परत मागणार नाही, एवढंच लिहायचं होतं. मला ते फार कोरडं वाटलं. म्हणून शेवटी लिहिलं, "मैत्री, रिटायर झाल्यावर मी आणि तुझी आई येऊन राहू. मागची छोटी खोली आमच्यासाठी ठेव."

तिथंच काम अडलं. आम्ही राहणार म्हणजे उद्या घरावर हक्क सांगू शकतो, मग बँक कर्ज देणार नाही, असं बाईंचं म्हणणं. मैत्री फोनवर म्हणाली, "बाबा, फक्त कागदापुरतं." पोर रडवेली झाली होती.

काल नवीन पत्र पाठवलं. या घरात माझा हक्क नाही, तिथे राहायचा माझा विचार नाही, असं लिहून सही केली. वीस वर्षं कंपनीच्या खोल्यांत राहतोय, पण असं कधी लिहून द्यावं लागलं नव्हतं.

तुझा गुडघा कसा आहे? टाकीचं झाकण बसवून घेतलंस का?

पहिल्या पत्राचा फक्त फोटो पाठवला होता, मूळ पत्र मला फाडवलं नाही. सुट्टीवर निघालेल्या साईबरोबर यासोबत पाठवतोय. मैत्रीला सांगू नकोस. आपल्या घराच्या कागदांत ठेव.

तुझाच,
प्रेमानंद